तोफ नगरला ओतलेली आहे

चनबसप्पाचं नव्या पेठेत बांगड्यांचं दुकान होतं आणि डोक्यात विजापूर होतं. तिथे तो आयुष्यात एकदाही गेला नव्हता, त्यामुळे त्याच्या माहितीला कसलाच अडथळा नव्हता. तट केवढा, बुरूज कुठला, कोणत्या वेशीतून कोण आत आलं आणि कोण पळालं, सगळं पाठ. बांगड्या भरायला पुढे केलेला हात बाईला मध्येच काढून घेता येत नाही, ही या धंद्यातली मोठीच सोय. डझनभर चढेपर्यंत निम्मी आदिलशाही तिच्या कानांवरून गेलेली असे.

संध्याकाळी दुकानाच्या फळीवर दोन कायमचे श्रोते असत. महिपती शिंपी आणि धान्याचा अडत्या जोतीराम. जोतीराम तिसऱ्या वाक्याला डोळे मिटे. नीट ऐकू यावं म्हणून मिटतो, असं चनबसप्पाचं ठाम मत होतं.

आणीबाणीत गाड्या वेळेवर सुटतात, असं सरकार रोज सांगत होतं. तेव्हा एका रविवारी जाऊन विजापूरही पाहावं आणि सरकारलाही, असं तिघांचं ठरलं. शनिवारी रात्री महिपती उतरल्या चेहऱ्यानं आला.

"आप्पा, सहल रद्द. सासुरवाडीला, केमला सासरे पडलेत, मांडी मोडली. जोतीरामबी येतोय माज्यासंगं."

चनबसप्पानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, सासऱ्यांसाठी मलमाची डबी दिली आणि विजापूरच्या एका वजिराची मांडी कशी मोडली होती तेही सांगितलं.

रविवारी त्याला उशिरा जाग आली. बायकोनं, गौरम्मानं, उठवलंच नव्हतं. स्वयंपाकघरातून भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येत होता.

"मी एकटाच जाऊन येतो," तो म्हणाला. "भाकरी बांध."

गौरम्माच्या हातातलं भांडं खाली पडलं. "आजच? एकटे? उन्हाचं?"

"जानेवारीत कसलं ऊन?"

"पीठ संपलंय."

"आणि हा वास?"

"शेजारचा," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

चनबसप्पा उपाशीपोटी एसटीत बसला. भर दुपारी विजापूर आलं. टांग्यातून त्याला पहिल्यांदा तट दिसला. काळा, रुंद, शेरडं चरताहेत, मध्येच कुणाची तरी धोतरं वाळताहेत. त्यानं टांग्यातूनच हात जोडले. सकाळपासून पोटात काही नाही, हेही तो विसरला. मुलुखमैदान तोफेच्या बुरुजापाशी त्यानं टांगा सोडला, चपला काढून हातात घेतल्या आणि पायऱ्या चढू लागला.

वरून जोतीरामचं हसणं ऐकू आलं.

तो वरच्या पायरीवर थबकला. तोफेच्या सावलीत एक जांभळी धडपी पसरली होती. गौरम्माच्या जुन्या लुगड्याची, ओळखीच्या काठाची. तिच्यावर कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणी. महिपती जेवत होता, जोतीराम दुसऱ्या वाढीला लागला होता, आणि केमची मोडलेली मांडी कुठेच दिसत नव्हती.

इथवर चनबसप्पानं सोसलं असतं. पण त्यांच्यासमोर टोपी घातलेला एक गाईड उभा होता. भाड्याचा.

"राणीसाहेबांच्या पैंजणांचा धातू घेऊन," गाईड सांगत होता, "ह्याच बुरुजावर एका रात्रीत तोफ ओतली!"

"वा!" जोतीराम म्हणाला. त्याचे डोळे टक्क उघडे होते. "आन् पैंजणं किती लागली असतील हो?"

जोतीरामनं प्रश्न विचारला होता. फळीवर इतकी वर्षं बसून त्यानं चहा कधी येणार एवढंच विचारलं होतं.

"तोफ नगरला ओतलेली आहे," चनबसप्पा म्हणाला.

महिपतीचा घास तोंडातच राहिला. "आप्पा! तू हितं?"

"सासरे कसे आहेत?"

"बरे हायत की. लई बरे."

"मलम लावलं?"

महिपतीनं मान खाली घातली. जोतीराम पाणी प्यायला. "खरं सांगू का आप्पा? तुज्यासंगं आलो असतो तर विजापूर ऐकलं असतं. आमाला एकदा बघायचं होतं."

"आणि गौरम्मा? तिला काय सांगून भाकऱ्या थापून घेतल्या?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हेच सांगितलं," महिपती पुटपुटला. "तर वहिनी म्हणाल्या, मलाबी न्या."

चनबसप्पा तोफेला टेकून बसला. त्यांनी भाकरी पुढे केली, त्यानं घेतली नाही. गाईडनं तेवढ्यात त्याच्याकडेही पैसे मागितले.

संध्याकाळच्या गाडीनं तिघं एकाच बाकावर बसून निघाले.  महिपतीनं खडा टाकून पाहिला. "आप्पा, तोफेजवळ पाण्याचा हौद कशाला हाय रं?"

उत्तर चनबसप्पाच्या ओठांपर्यंत आलं. त्यानं ते गिळलं. "गाईडला विचार."

इंडीला चढलेला एक म्हातारा शेतकरी समोर बसला होता. तो पुढे वाकला आणि कानडीत म्हणाला, मालक, मलाही ठाऊक नाही, कशाला हो तो हौद?

चनबसप्पानं दोस्तांकडे पाठ केली आणि कानडीतच सुरुवात केली. अगदी नगरपासून. भट्टी पेटली, धातू वितळला, म्हातारा "हौदा! हौदा!" म्हणजे 'खरंच की!' करत मांडीवर हात मारू लागला. पलीकडच्या बाकावरचे दोघे सरकून जवळ आले. महिपतीला आणि जोतीरामला कानडीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांना मधूनमधून फक्त 'अहमदनगर' ऐकू येत होतं.

"काय म्हणाला? का हसले समदे?" महिपती त्याचा खांदा हलवू लागला. "आप्पा, मराठीत सांग की!"

आप्पा सांगत राहिला, कानडीत, सावकाश, तोफ ओढणारा एकही बैल न गाळता. घराअलीकडची होटगी आली तेव्हा तोफ अजून वाटेत होती.