टाकीवरचा दयाळ

मनुष्याच्या वाणीपुढे अवघी सृष्टी मान तुकवते, असं माझं प्रामाणिक मत होतं. मग आमच्या मागच्या भिंतीतल्या फुटक्या पाइपात एका दयाळ पक्ष्याने बिऱ्हाड थाटलं.

मी पुस्तकं वाचतो. मनात नव्हे, मोठ्याने. ऐकायची पुस्तकं निघतात ना, त्यांच्यासाठी. निदान वाचणार होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं, घरच्या बागेवरचं साडेतीनशे पानी पुस्तक. ते धड झालं तर कंपनी मला कायमचा वाचक करणार होती. नाहीतर लिफ्टमध्ये वाजणारं ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणणं होतंच.

रेकॉर्डिंग घरीच, कपड्यांच्या कपाटात रजया टांगून, पहाटे पाच ते सात. सातनंतर शेजारचा सुतार यंत्र लावतो.

पाचला पाच कमी असताना हा काळा-पांढरा गृहस्थ पाण्याच्या टाकीवर चढायचा आणि शेपटी उभारून सुरू व्हायचा. बरं, एकच सूर असता तर सोसला असता. हा शिट्टी मारणार, मध्येच बुलबुलाची नक्कल करणार, मग गप्प. संपलं वाटून मी ‘कुंडीच्या तळाला भोक असावे’ म्हणायला तोंड उघडलं की स्वारी पुन्हा पहिल्यापासून!

कंपनीच्या ध्वनितंत्रज्ञ बाईंचा फोन आला. “सर, तिसऱ्या प्रकरणात मागे शिट्ट्या कोण मारतंय?”

“पक्षी आहे.”

“तुम्ही खताचं प्रमाण सांगता आणि तो लगेच काहीतरी बोलतो. ऐकणाऱ्याला वाटतं, तुमचं चुकलंय.”

माझी थोरली बहीण वरच्या मजल्यावर राहते. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाली, पण शिकवणं थांबलेलं नाही.

“अरे, विणीचा हंगाम आहे,” ताई म्हणाली. “बायको पाइपात अंड्यांवर बसलीय. हा बाकीच्या नरांना बजावतोय, इथे जागा नाही म्हणून. दोन-तीन महिन्यांत होईल गप्प.”

“मला पंधरा दिवसांत पुस्तक द्यायचंय! आणि संसार थाटला हे पहाटे उठून गल्लीला कशाला सांगायचं? माझं लग्न झालं तेव्हा मी चढलो होतो का टाकीवर?”

“तू जिना चढतानाच धापा टाकत होतास.”

दुसऱ्या दिवशी मी अंगणात जाऊन हाकाटी केली. तो ढिम्म. टाळ्या वाजवल्या. त्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, बस्स. मग माझं डोकंच फिरलं आणि मी एक खणखणीत शिट्टी मारली.

“अरे शहाण्या!” ताई वरच्या खिडकीतून ओरडली. “शिट्टी काय मारतोस? आता तो तुलाच दुसरा नर समजेल!”

समजलाच. त्या दिवसापासून त्याने टाकी सोडली आणि थेट माझ्या खिडकीच्या गजावर मुक्काम ठोकला. मुठीएवढा जीव, पण मला माझ्याच घरातून हुसकावायला निघालेला! माझ्या प्रत्येक पूर्णविरामाला त्याचं उत्तर तयार. मीही हट्टाला पेटलो. डोक्यावर रजई घेऊन, घामाने निथळत, दात-ओठ खात साडेतीनशे पानं वाचली आणि मुदतीत पाठवली. सोबत खरमरीत चिठ्ठी: पक्ष्याचा बंदोबस्त आपल्या यंत्रांनी करावा.

महिन्याभराने पुस्तक निघालं. ताईला बोलावून मी ते लावलं. एका बाईंचा मऊ, शांत आवाज सांगत होता, “माती भुसभुशीत ठेवावी.” त्यामागे दयाळ गात होता. माझा मागमूस नव्हता.

मी तडक फोन लावला.

“काय करणार सर,” ध्वनितंत्रज्ञ बाई म्हणाल्या, “तुम्ही सगळं पुस्तक कुणाशी तरी भांडल्यासारखं वाचलंत. पक्षी मात्र सुरेख आलाय. तुम्ही पानं उलटत होता तेवढ्यातला घेतला. बागेचंच पुस्तक ना, म्हणून ठेवला.”

ते पुस्तक आजवर अकरा जणांनी ऐकलं आहे. त्यांत ताई आणि मी धरून.