बोलणं तुटलेल्या घरचा मासा

आखातातल्या माहूज भागातल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन मराठी घरं होती, आणि त्या दोन घरांत आठ महिने बोलणं नव्हतं. एका दारामागे वसईचा कामिल, अदलियातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीचा सुपरवायझर. समोरच्या दारामागे रत्नागिरीचे लतीफभाई. चूक कामिलची होती. लतीफभाईंची आई गावी वारली तेव्हा हॉटेलात कसलीशी कॉन्फरन्स होती, कामिल डबल शिफ्टवर होता, आणि त्याने व्हॉट्सॲपवर नुसतं 'आरआयपी' पाठवून दिलं. विमानाचं तिकीट न मिळाल्याने आईच्या मातीलाही जाऊ न शकलेल्या माणसाला समोरच्या दारातून तीन इंग्रजी अक्षरं आली. पुढे कामिल सफरचंदांची पिशवी घेऊन गेला, तर लतीफभाई उंबऱ्यातूनच म्हणाले, "आता कशाला?" त्याचा कामिललाही राग आला. चूक स्वतःची असली की माणसाला राग जरा जास्तच येतो.

आता लतीफभाई व्हिसा कॅन्सल करून कायमचे निघाले होते. शनिवारी सकाळची फ्लाइट होती.

"सरळ जा आणि बेल वाजव," व्हेरॉनिका म्हणाली. सलमानियाच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून राबून आल्यावर नवऱ्याच्या रुसव्याफुगव्यांसाठी तिच्याकडे वेळ नसायचा.

"रिकाम्या हाताने?"

कामिलच्या घरची एक रीत होती. वसईला त्यांच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे घरामागचं गोड्या पाण्याचं लहानसं तळं. त्यातला वर्षाचा पहिला मासा घरात शिजवायचा नाही. ज्या घराशी बोलणं तुटलंय तिथे नेऊन द्यायचा. कामिलचा बाप तो नेमाने द्यायचा, कारण भांडायचाही नेमाने. मासा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला हाकलणं कुणालाच जमत नसे.

"मग मार्केटातून हामूर मासा आण एक."

"विकतचा चालत नाही."

व्हेरॉनिकाने कपाळाला हात लावला आणि झोपायला गेली.

शुक्रवारी सकाळी कामिल बुदैयाच्या रस्त्यावरच्या एका शेतावर गेला. तिथला फोरमन स्वरूप पालघरचा, ओळखीचा. भाजीला पाणी द्यायच्या सिमेंटच्या टाकीत शेवाळ वाढू नये म्हणून मालकाने कार्प मासे सोडले होते. कामिलने घरून कणीक मळून आणली होती, थोडं बेसन आणि पिकलेलं केळं घालून, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. आधी तिच्या गोळ्या नुसत्याच पाण्यात टाकल्या, गळाशिवाय, माशांना चव लागावी म्हणून. मग बांबूच्या काठीला नायलॉनचा तंगूस, त्याला गळ, आणि वर तरंगायला रबरी चपलेचा तुकडा.

कार्प हा संशयी मासा. गोळी तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो. चपलेचा तुकडा नुसता डुलत असतो तोवर हात हलवायचा नाही. तो सरळ पाण्याखाली गेला की मनगटाने हलका झटका द्यायचा. कामिलला हे पाठ होतं. पण डोक्यात उद्याची फ्लाइट होती, म्हणून तुकडा डुलल्याबरोबर त्याने काठी ओढली. मोकळा गळ हवेत आला आणि सगळे मासे तळाला जाऊन बसले.

"खलास," स्वरूप म्हणाला. "आता दुपारपर्यंत वर येत नाहीत."

दुपारपर्यंत कामिल उन्हात बसून राहिला. एवढ्या वर्षांत तो कशाचीही इतका वेळ वाट बघत बसला नव्हता. शेवटी तुकडा दिसेनासा झाला, आणि त्याने मनगट फिरवलं. मासा उड्या मारत नव्हता, जडपणे खाली ओढत होता. दमवून दमवून कामिलने तो काठाशी आणला.

"दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेव हां," बादली भरून देताना स्वरूप म्हणाला. "नाहीतर चिखलाचा वास मारेल."

कामिल टाकीच्या कट्ट्यावर बसला. बापही मासा दोन दिवस घंगाळात ठेवून मगच द्यायचा. नेमकं तेच तो विसरला होता.

संध्याकाळी त्याने बेल वाजवली. लतीफभाईंच्या बायकोने, मसूदाभाभींनी, दार उघडलं. मागे सगळीकडे खोकी बांधून ठेवलेली. लतीफभाई बाहेर आले आणि बादलीत डोकावले.

"काय हाय ते?"

"मासा. मी पकडलाय. आमच्याकडे पहिला मासा, ज्यांच्याशी बोलणं बंद असतं त्यांना देतात."

"गोड्या पाण्यातला?"

"हो. पण दोन दिवस पाण्यात ठेवावा लागतो. आज खाल्ला तर वास येईल."

"माझी फ्लाइट सकाळी हाय."

"माहीत आहे," कामिल म्हणाला. मग बादलीकडे बघतच म्हणाला, "मी तेव्हा यायला पाहिजे होतं, लतीफभाई."

मासा बादलीत एकदा वळला. मग लतीफभाईंनी बायकोला विचारलं, "सुरी कुठल्या खोक्यात टाकलीस?"

मसूदाभाभींची भांडी बांधलेली, म्हणून कालवण व्हेरॉनिकाच्या ओट्यावर झालं. दोघींनी लसूण आणि चिंच सढळ हाताने घातली, तरी वास राहिलाच. जन्मभर समुद्राचा मासा खाल्लेल्या लतीफभाईंनी पहिला घास घेतला आणि ते म्हणाले, "घाण लागतो." आणि त्यांनी दुसरा तुकडा वाढून घेतला.

कार्पला काटे फार, तो घाईने खाता येत नाही. लतीफभाई एकेक काटा ताटाच्या कडेला लावत होते. मध्येच म्हणाले, "मां त्या दिवशी सकाळी बरी होती. चाय प्यायली. माझ्याशी फोनवर बोलली." आणि मग ते थांबलेच नाहीत. फोनवर ती काय म्हणाली, दुपारी कोणाचा फोन आला, विमान कंपनीच्या ऑफिसात ते कसे रडले, सगळं सांगत गेले. आठ महिन्यांत ऐकायला माणसं नव्हती असं नाही, पण ज्याला सांगायचं होतं तो समोरचं दार लावून बसला होता. जेवण संपलं तरी कामिल हात धुवायला उठला नाही. खरकटा हात वाळून कडक होईपर्यंत तो ऐकत राहिला.