'ड' दुकानाची डाळ

तक्त्यात मी दुकानांची नावं लिहिली नव्हती. अमरावतीतली तीन स्वस्त सुपरमार्केटं म्हणजे अ, ब आणि क. आमच्या शाळेच्या गावातलं गयासुद्दीनचाचांचं किराणा दुकान म्हणजे ड. नाव दिसलं की माणूस मालाऐवजी नावाला गुण देतो, म्हणून ही खबरदारी.

हे गाव दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यात. बी.एस्सी. झाल्यावर मी तिथल्या शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवत होते आणि शनिवारी दुपारच्या एसटीने अमरावतीला घरी जात होते. शाळेला लागून मुलींचं वसतिगृह आहे. २०१५च्या पावसाळ्यात तिथे चौसष्ट मुली होत्या, आदल्या वर्षीपेक्षा एकोणीस जास्त. दोन हंगाम सोयाबीन हातचं गेलं होतं आणि बऱ्याच घरांनी खाणारं एक तोंड वसतिगृहात पाठवलं होतं. तुरीच्या डाळीचा भाव दर आठवड्याला चढत होता.

तिथला स्वयंपाक अकरा वर्षं सुभद्रामावशी करत होत्या. स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्या राहत. वसतिगृहाच्या समितीने त्यांना कळवलं होतं की ठरलेल्या दरात धड जेवण होत नसेल तर स्वयंपाकघर अमरावतीच्या ठेकेदाराला द्यावं लागेल. मालाची आणि भावाची यादी आधी द्यायची, आणि सोमवारी समिती त्याच मालाचं जेवण जेवून पाहणार. स्वयंपाकघर गेलं की खोलीही जाणार, हे कुणी लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

"मले बजार फिरायले येळ कुठं हाय?" मावशी मला म्हणाल्या. "तू अमरावतीची. कोन्या दुकानात कोनता माल चांगला अन् सस्ता, तेवढं कागदावर लिहून दे. समितीले कागद पाह्यजे."

मला काम आवडलं. पुढच्या सुट्टीत मी चारही ठिकाणची तुरीची डाळ, तांदूळ, तेल, साखर आणि कपड्यांचा साबण आणला. पाकिटांवरचं वजन तपासलं. क दुकानाच्या साखरेत एका किलोमागे अकरा ग्रॅम कमी निघाले. शंभर ग्रॅम डाळीतले फुटके दाणे, टरफलं आणि खडे वेगळे करून मोजले. डाळ धुतलेलं पाणी काचेच्या पेल्यात दहा मिनिटं ठेवून तळाशी काय बसतं ते पाहिलं. मग आमच्या ओट्यावर एकाच मापाच्या चार भांड्यांत, सारख्या आचेवर चारही डाळी शिजवल्या. आईने दोनदा विचारलं की आज जेवायला चारी डाळी खायच्या आहेत का.

ब दुकानाची सुटी डाळ पहिली आली. दाणा एकसारखा, खडा नाही, तेवीस मिनिटांत शिजली, भाव एकशे बेचाळीस. ड दुकानाची शेवटची. रंग मळकट, दाणा लहानमोठा, चार टक्के फुटकी, शिजायला सत्तावीस मिनिटं आणि भाव एकशे साठ. मी तक्ता टाइप करून चार प्रती काढल्या; कोणतं अक्षर म्हणजे कोणतं दुकान, ते मागच्या बाजूला लिहिलं.

"गयासभाई शेवटी?" मावशींनी विचारलं. "काहून वं?"

मी कारणं सांगितली.

"माह्या तोंडाले तं बरी लागते त्याची दाळ."

"तोंड हे मोजमाप नाही, मावशी."

त्या हसल्या. "बरं बाप्पा. मोज तूच."

समितीचे अध्यक्ष खुशालराव यांनी तक्ता दोन वेळा वाचला. ते स्वतः तूर पेरणारे शेतकरी. "असं काम पाह्यजे," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी मी ब दुकानातून दहा किलो डाळ घेऊन आले.

सोमवारी मी पहिले दोन तास बदलून घेतले. गॅसचाही हिशेब दाखवावा म्हणून दोन्ही शेगड्यांची सिलिंडरं धान्याच्या काट्यावर तोलून ठेवली. साडेसातला मावशींनी डाळ चढवली. जेवण साडेअकराला.

साडेनऊला त्यांनी डाव काढला आणि माझ्यासमोर धरला. पाणी उकळत होतं, वर फेस होता, आणि दाणे अख्खे होते.

"वटाने टाकले का वं तू पातेल्यात?"

मी एक दाणा बोटांत दाबला. बाहेरून मऊ झाला होता, आत खडा. "खायचा सोडा घातला तर..."

"सोड्यानं शिजते. मंग चौसष्ट पोरी संडासपुढं लायनीत. मले नाई पाह्यजे." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "अकरा वर्सांत माही दाळ कच्ची राह्यली नाई. आज राह्यली."

मी सायकल काढली आणि गयासुद्दीनचाचांच्या दुकानात गेले. ते साबुदाणा तोलत होते.

"या, मॅडम. मेरीट लिस्ट लागली म्हनते तुमची. आपन फेल."

"चाचा, साडेतीन किलो तूरडाळ द्या. वसतिगृहातली शिजत नाही."

त्यांचा हात थांबला. "घरी कोनत्या पान्यात शिजवली होती, बेटा?"

"फिल्टरच्या."

गल्ल्यामागे ठेवलेली पाच लिटरची कॅन त्यांनी पायाने पुढे सरकवली. ती कॅन मी ओळखत होते. महिन्यातून एकदा ते अकोल्याच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर उभे असत, तेव्हा ती हातात असायची. वाटेत प्यायचं पाणी असेल, असं मी धरलं होतं.

"आपल्या बोअरचं हाय," ते म्हणाले. "दाळ मिलमंदी घेऊन जातो. तिथं स्टोव्हवर मूठभर वानगी शिजवतो. शिजली तं पोतं उचलतो, नाई तं सलाम करून वापस. हासतेत मिलवाले. खारे पानी का मियाँ आ गया म्हनते."

"पण दिसायला ती..."

"दिसायले काय करायचं? लगन लावायचं हाय का तिचं?" त्यांनी डाळ तोलली, वर एक मूठ टाकली. "जा लवकर. सुभद्राबाईले सांग, पयल्या उकळीले झाकन नको ठेवू म्हना."

गावात नळ सहा दिवसांनी यायचा आणि ते पाणी प्यायलाच पुरायचं. स्वयंपाक बोअरच्या पाण्यावर व्हायचा. त्या पाण्याचे क्षार मी दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहून दिले होते. प्यायचं पाणी इतकं तुटपुंजं असताना त्यातलं पाच लिटर अकोल्याला कोण नेईल, हा साधा प्रश्न मला स्टँडवर पडायला हवा होता.

दुसऱ्या शेगडीवर चाचांची डाळ पंचावन्न मिनिटांत शिजली. मावशींनी फोडणी दिली. साडेअकराला समितीचे पाच जण पंगतीत बसले. दुसऱ्यांदा डाळ वाढून घेताना खुशालराव म्हणाले, "मॅडम, तुमच्या ब दुकानाची दाळ मस्त हाय."

मावशी दारात डाव घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून 'नको' अशी मान किंचित हलवली. गप्प राहिले असते तर त्या दिवशी स्वयंपाकघर वाचलं असतं. मंगळवारपासून ब दुकानाची उरलेली साडेसहा किलो शिजवावी लागली असती.

"ही ड दुकानाची आहे," मी म्हटलं. "ब ची शिजली नाही. माझा तक्ता चुकला. मी अमरावतीच्या पाण्यात शिजवून पाहिलं होतं."

खुशालरावांचा हात ताटात थांबला. "म्हंजे यादीतला माल नाई. मंग हे ट्रायल कायचं झालं?"

"बोलली!" मावशी दारातून म्हणाल्या. "आता माही खोली तूच झाडून दे त्या ठेकेदाराले."

मी आत जाऊन पहिल्या पातेल्यातली वाटीभर डाळ आणली. ती चार तास विस्तवावर होती. खुशालरावांनी एक दाणा अंगठ्याखाली दाबला. तो निसटून शेजारच्या सचिवांच्या ताकात पडला. कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले.

"आपल्या बोअरच्या पान्यात हरेक दाळ शिजत नाई," खुशालराव म्हणाले, "हे तं लहान पोट्ट्याले मालूम हाय."

"मग तक्ता वाचताना तुम्ही बोलला का नाहीत, भाऊ?"

त्यांनी अंगठा ताटाच्या कडेला पुसला. "टाइप केला होता ना. तुमी बीएस्सीवाल्या. आमाले वाटलं, पानी धरलंच असन."

मी सिलिंडरं पुन्हा तोलून आकडे वाचून दाखवले. पहिल्या पातेल्याने दोन किलो गॅस जाळला होता आणि डाळ कच्ची होती. दुसऱ्याने अर्धा किलो. चाचांची डाळ चौसष्ट मुलींना साधारण साठ रुपयांनी महाग पडत होती. जास्तीचा गॅस शंभराच्या वर जात होता. खुशालरावांनी आकडे आपल्या बोटांवर पुन्हा करून पाहिले.

"ठेकेदाराच्या यादीत कोनती दाळ हाय?" त्यांनी सचिवांना विचारलं.

सचिवांनी फाइल काढली, चष्मा लावला. डाळ ब दुकानाची होती. ठेकेदारही स्वयंपाक इथेच, याच पाण्यात करणार होता.

खुशालरावांनी ताट बाजूला सारलं. "अमरावतीचा मानूस हे कवा शिकन? एक शिकली, तं तिले पंधरा दिवस लागले." मग मावशींकडे न बघता सचिवांना सांगितलं, "मार्चपर्यंत हीच बाई राहू द्या. तेल, साखर, साबन मॅडमच्या कागदापरमानं अमरावतीहून. दाळ गयासभाईची."

"अन् तांदूळ?" मावशींनी विचारलं.

"तांदूळ मीही फिल्टरच्या पाण्यातच शिजवला होता," मी म्हटलं.

तक्त्याच्या चारही प्रती मी परत मागून घेतल्या. खुशालरावांनी आपली दिली नाही. घरी दाखवायची आहे म्हणाले.

शनिवारी मी एसटीत बसले तेव्हा मावशी स्टँडवर आल्या. खोलीपासून तिथवर त्या काही चालत येत नसत. त्यांच्या हातात पाच लिटरची कॅन होती. झाकणाखाली प्लॅस्टिक लावून घट्ट बसवली होती. खिडकीतून ती आत येईना, म्हणून त्यांनी दारातून कंडक्टरच्या हाती दिली.

"मॅडम, अमरावतीले पानी नेऊन राहिल्या?" कंडक्टर म्हणाला. "तिकडं नळ नाई का?"

"नेऊ दे तिले," मावशी खालून म्हणाल्या. "तांदूळ राह्यला अजून."