दुसऱ्या काकांनी सांगितलेला प्रोसेसर

शनिवार पेठेत रंगनाथ आणि यज्ञेश्वर घाटपांडे हे दोघे भाऊ तेवीस वर्षं कॉम्प्युटर जोडून विकत होते. यज्ञेश्वर थोरला, एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचा माणूस. रंगनाथ इंटेलचा. "कुठला प्रोसेसर घेऊ?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की दोन खुर्च्यांवरून दोन उत्तरं यायची. गिऱ्हाईक गोंधळलं की यज्ञेश्वर म्हणायचा, "घरी जाऊन विचार करा. इथे तेवढी जागा नाही."

गेल्या फेब्रुवारीत अवधूत शाळिग्राम नावाच्या आर्किटेक्टला सहा मशीन हवी होती, इमारतींची थ्रीडी चित्रं करायला. यज्ञेश्वरने एएमडी लिहून दिला आणि तो बँकेत गेला. तो वळताच रंगनाथ हळू आवाजात म्हणाला, "दादाचं वय झालंय हो. नवीन काही कळत नाही त्याला. इंटेल घ्या."

बोलून मान वर केली तर यज्ञेश्वर पायरीवर उभा. चष्मा विसरला म्हणून परत आला होता. त्याने चष्मा उचलला आणि निघून गेला. त्यानंतर तो दुकानात आलाच नाही. मार्चमध्ये झोपेतच गेला.

रंगनाथने एएमडीचे खोके कपाटातून काढून माळ्यावर टाकले. दादाची खुर्ची मात्र त्याला हलववेना. "इंटेल घ्या" म्हणताना नजर त्या खुर्चीकडे वळायची.

"अहो, तिच्यावर खोके तरी ठेवा," बायको हेमा म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

डिसेंबरात ऋतुजा नावाची एक मुलगी आली. लोणी काळभोरची, अ‍ॅनिमेशन शिकणारी. तिने एक कागद पुढे केला.

"काका, हा प्रोसेसर पाहिजे. बुधवारी त्या दुसऱ्या काकांनी लिहून दिलाय."

"दुसरे कोण?"

"इथं बसलेले ना." तिने दादाच्या खुर्चीकडे बोट केलं. "मी अडीचला आले होते. शटर अर्धं वर होतं."

एक ते चार दुकान बंद असायचं. किल्ली एकच, आणि ती रंगनाथच्या खिशात.

कागदावरचं अक्षर दादाचं होतं, डावीकडे झुकलेलं. जुना कागद असेल, कुठेतरी पडलेला, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग नंबर वाचला. तो एएमडीचा प्रोसेसर बाजारात आला होता दिवाळीत. तेव्हा दादाला जाऊन सात महिने झाले होते.

रंगनाथने काउंटरची कड धरली. "काय म्हणाले ते?"

"ब्रँडचं बोललेच नाहीत आधी. काम काय करतेस, विचारलं. म्हटलं, रेंडरिंग, थ्रीडी चित्रं पुरी करून काढायची. तर म्हणाले, ते काम वाटून करता येतं, म्हणून कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात, जास्त तिथं ते लवकर उरकतं. मी विचारलं, मग तेवढ्याच किमतीत या एएमडीला जास्त कोअर परवडतात कसे? तर म्हणाले, एकच मोठी भाकरी करपली की अख्खी वाया. लहान पुऱ्या लाटल्या तर एखादीच जाते. यांनी चिप लहान तुकड्यांत करून जोडायला आधी सुरुवात केली." ती हसली. "पुढच्या वर्षी उलटंही होईल म्हणाले, दोन्ही कंपन्या एकमेकींच्या मागंच असतात. कॉलेजात असं कुणी सांगत नाय."

भाकरी आणि पुऱ्या. ते दादाशिवाय कोणी म्हणत नव्हतं.

"आणखी काही?"

"हां. नुसती व्हिडिओची कापाकापी असती तर इंटेल घे म्हटलं असतं, म्हणाले. तिथं माझा भाऊ बरोबर आहे, पण हे मी त्याला कधी म्हटलं नाही." तिने त्याच्याकडे पाहिलं. "काका, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

"नको. कसे दिसत होते?"

"बरे होते. पण माझ्याकडं बघतच नव्हते. सारखे दाराकडं बघायचे. कुणाची वाट बघत असल्यासारखे."

रंगनाथने प्रोसेसर मागवला आणि मशीन दुपारच्या बंद वेळेतच जोडलं, शटर अर्धं वर ठेवून. सलग तीन दुपारी तो तसा बसला. कोणी आलं नाही. फक्त प्रोसेसर सॉकेटच्या खाचेत ठेवून तो अंगठ्याने दाबायला गेला, तेव्हा मानेवर कुणी श्वास सोडल्यासारखं गार वाटलं. दादा असाच मागे उभा राहून बघायचा. "जोर नको लावूस, रंगा. तो आपला आपण बसतो." हे वाक्य तेव्हा ऐकलं की नुसतं आठवलं, ते त्याला आजही सांगता येत नाही. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

ऋतुजा मशीन घेऊन गेली त्याच संध्याकाळी तो चालत शाळिग्रामांच्या ऑफिसात गेला.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं," तो उभ्यानेच म्हणाला. "दादाला सगळं कळत होतं. तुमच्या कामाला त्याने लिहिलेला एएमडीच बरा होता."

शाळिग्रामांना क्षणभर काही आठवेना. "अहो, मशीन उत्तम चालतायत. फरक तरी कितीसा पडला असता?"

"एका चित्रामागे पाच-सात मिनिटं."

"तेवढ्यात आमचा चहासुद्धा होत नाही. एवढ्यासाठी चालत आलात?"

 रंगनाथ नमस्कार करून बाहेर पडला.

लक्ष्मी रस्त्यावर गर्दी होती, फुटपाथ अरुंद. तरी तो अगदी कडेने चालला, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मागून कोणी त्या जागेत शिरायला लागलं की त्याचा हात आपोआप आडवा जायचा.