भुशाचा डबा

उज्वलाने मोरीतली भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलली आणि सगळं पाणी भडाभडा ओतून दिलं. पिंप तिने आधीच रिकामं केलं होतं. आता नळ येणार तो उद्या सकाळी. येऊ दे.

बाहेर पायरीवर तिची सासू लंकाबाई तांदूळ निवडत बसली होती. "नवराबायकोला जरा एकांत मिळू द्या," असं डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या, तेव्हापासून ती सूप घेऊन दारातच ठाण मांडून होती. एकांतावर पहारा!

"काय सांडलं गं?"

"पाणी."

"आन् आता? संतोषला लागंल ना!"

उज्वलाने दात आवळले. दवाखान्यातही सासूच बोलली होती. "नवऱ्यानं हात लावला की ही आंगच आखडून घेती. माझ्या लेकानं काय करायचं?" डॉक्टरीणबाईंनी तपासलं, शरीरात काही दोष नाही म्हणाल्या आणि विचारलं, "असं कधीपासून होतं?" उत्तर उज्वलाच्या अगदी ओठांवर होतं. पण शेजारी सासू कान टवकारून बसलेली. परतताना रिक्षात सासूने निकाल सांगून टाकला. "दिवाळीपातुर बघते. नाय जमलं तर तू जा कळवणला, आईकडं. त्याला दुसरी करू."

कधीपासून म्हणे! पहिल्यापासून. तिच्याजवळून उठला की संतोष सरळ मोरीत जायचा. अंघोळीचं तिला काही वाटलं नव्हतं. बाईच्या अंगाचा विटाळ सासूने त्याच्या मनात लहानपणापासून भरला होता, हेही तिला कळत होतं. पण मग मोरीतून खरखर ऐकू यायची. हाताला लागलेलं मशीनचं ऑइल काढायला त्याच्या कंपनीत लाकडाचा भुसा आणि कपड्यांची पावडर कालवून ठेवतात, त्याचा एक डबा त्याने घरी आणला होता. ऑइल तर तो कंपनीतच धुऊन यायचा. घरातला डबा फक्त तिच्यासाठी होता. कोपरापर्यंत हात घासायचा, अगदी लाल होईस्तोवर, आणि ती खाटेवर पडून ऐकायची. पुढेपुढे त्याचा हात नुसता जवळ आला तरी ती खरखर तिला आधीच ऐकू यायला लागली. मग अंग आखडणार नाही तर काय फुलणार? किळस त्याला आणि दोष हिचा! वर ती बादली भरून ठेवायची कुणी, तर हिनेच.

पहिली शिफ्ट सुटून संतोष आला. सासूने गुडघे आवरून त्याला वाट दिली आणि मागून दार लोटून घेतलं. तो आधी मोरीत डोकावला.

"बादली रिकामी?"

"मी ओतली. आज पाण्यावाचून जवळ बसा."

"येड लागलं का तुला?"

पण तो बसला. उज्वलाने आपला हात त्याच्या हातात दिला. त्याने तो धरला, चांगला घट्ट धरला. क्षणभर तिला वाटलं, सुटलो आपण दोघं. मग तिचं लक्ष त्याच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. तो मांडीवर, पँटला घासत होता. वरखाली, वरखाली. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

तिने हात काढून घेतला.

"मी काय ऑइल गळणारं मशीन आहे का हो?" बाहेर सुपाचा आवाज थांबला. "सोमवारी दवाखान्यात तुम्ही यायचं. नक्की कोण आखडतं, ते मी बाईंना सांगणार आहे."

 संतोष उठला, रिकामी बादली उचलली आणि दार उघडलं.

"कुठं रं?" लंकाबाईने विचारलं.

"सिंधुबाईकडं. पाणी आणतो."

शेजारच्या सिंधुबाईकडे या वेळी टीव्हीसमोर अर्ध्या चाळीतल्या बायका बसलेल्या असत.

"आरं, आत्ता तर आत गेलास! एवढ्यात पानी कशाला?"

"हात धुवायचेत."

लंकाबाईच्या हातातले तांदूळ सुपात पडले. लेकाच्या हातातल्या बादलीकडे ती बघतच राहिली.

उज्वलाने मोरीतला डबा आणला आणि सासूच्या सुपाशेजारी ठेवला.

"संतोषला लागेल ना," ती म्हणाली. उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव तिने पहिल्यांदाच घेतलं होतं.

मग तिने दार लावून आतून कडी घातली आणि ती खाटेवर मधोमध हातपाय सोडून आडवी झाली.