पिटुकलीच्या पायाखालचा खोका

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. दिसायला यथातथाच. पूर्वी माझ्या पोटात दोऱ्याची रिळं असायची. ती संपल्यावर शिंपीमामांनी मला पालथं घातलं, जास्तीचे खिळे ठोकले आणि आपल्या भाचीला, पिटुकलीला, माझ्यावर उभं केलं. शिलाईच्या टेबलापर्यंत तिचे हात पोचत नव्हते ना!

तिची आई काजं करायची आणि पिटुकली बटणं लावायची. सगळी शिलाई जवळच्या शाळेच्या गणवेशांची. नवा नमुना शिवून झाला, की मामा तो पिटुकलीलाच फ्रॉकवरून घालून बघत.

"हात पसर. आणि हलू नकोस हं, नाहीतर एका बाहीत दोन पोरं मावतील!"

ती खुदकन हसायची, माझ्यावर ऐटीत गिरकी घ्यायची. मग गणवेश काढून, घडी घालून ठेवायची. तेव्हा मात्र तिचे पाय जड व्हायचे. ते फक्त मला कळायचं.

एकदा शाळेच्या बाई नमुना बघायला आल्या. पिटुकली गणवेश घालून माझ्यावर उभी होती. बाईंना वाटलं, ही आपलीच विद्यार्थिनी.

"काय गं, आज शाळा बुडवलीस होय? कितवीत आहेस?"

"मी शाळेतली नाही, बाई," पिटुकली म्हणाली. "मी मापाची आहे."

मामांचं मशीन थांबलं. मला फार फार वाईट वाटलं.

"हिच्या हाताशिवाय आमचं भागत नाही हो," मामा चाचरत म्हणाले.

"भागवू, दादा," आई म्हणाली. "तू काम थोडं कमी घे. बटणंही मीच लावीन. पण हिला जाऊ दे."

पिटुकली सवयीने गणवेश काढू लागली.

"राहू दे अंगावर," मामा म्हणाले. "तुझ्याच मापाचा आहे."

आता गंमत ऐका. वर्गात तिचा हात फळ्यालाही पुरेना! मग मामांनी मला डोक्यावर घेतलं आणि शाळेत आणून सोडलं. तेव्हापासून मी फळ्याखाली असतो. खडूच्या भुकटीने पांढराफटक झालोय, सगळा वर्ग माझ्यावर नाचतो, आणि मी मजेत आहे. फक्त एक फळी सुटत आली आहे. कुणीतरी खिळा ठोका, म्हणजे पुढच्या पोरांनाही मी पुरेन.

आणि मित्रांनो, एखाद्या दुकानात कुणी लहानगं खोक्यावर उभं राहून काम करताना दिसलं, तर त्यालाही विचारा, "कितवीत आहेस?" उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.