खेडच्या लढाईतला चुलतभाऊ

साहेब, खून तुम्ही केलात. तीनशे वर्षांपूर्वी खेडच्या लढाईत पडलेला माणूस तुम्ही यंदा जूनमध्ये, एसीच्या खोलीत, चहा पिता पिता दुसऱ्यांदा मारलात. हातात भाला नव्हता, लाल पेन होतं. आणि ज्याच्या हातून तो मारून घेतलात त्याचं नाव जयवंत उतेकर. तुम्हाला आठवणार नाही, म्हणून सांगावं लागतंय.

जयवंत घाटकोपरच्या भटवाडीतला. बाप पोलादपूरकडचा, गिरणीत राबून मेला. जयवंताची शाळा नववीत सुटली आणि तो लिफ्टच्या दुरुस्तीत शिरला. टॉवरच्या डोक्यावर मोटारीची खोली असते ना, तिथे बसून, ग्रीसच्या हातांनी, अकरा वर्षं त्याने एकच कादंबरी लिहिली. सतराशे सात साल. औरंगजेब मेला, शाहूराजे मोगलांच्या छावणीतून सुटून आले, आणि त्यांना अडवायला ताराराणींची फौज भीमेकाठी खेडला उभी राहिली. राज्य कोणाचं, ते त्या दिवशी ठरलं. दोन्हीकडे तोच झेंडा, तेच देव, तीच आडनावं. मोठ्यांनी ऐनवेळी बाजू बदलली आणि ते वाचले. मेले ते भालेवाले.

त्या भालेवाल्यांत एक उतेकर होता, असं जयवंताच्या घरात सांगतात. रायगड पडला तेव्हा दोन भावांची ताटातूट झाली. एक रानात पळाला, दुसरा शाहूराजांसोबतच्या कैद्यांबरोबर मोगलांच्या छावणीत गेला. अठरा वर्षांनी त्यांचे मुलगे खेडला समोरासमोर आले. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. भाला आरपार गेला, आणि पडणारा ओरडला, "आई झोलाई!" मारणाऱ्याने भाला सोडून दिला. ती त्याचीच कुलदेवी. गाव विचारलं तर गाव तेच. मेला तो सख्खा चुलतभाऊ.

तेव्हापासून सर्वपित्री अमावास्येला मारणाऱ्याच्या वंशात, म्हणजे या उतेकरांच्या घरात, स्वतःच्या पूर्वजांआधी त्याचा घास निघतो. कावळा शिवेपर्यंत घरातल्या बाया पाणीसुद्धा घेत नाहीत. फक्त त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

ते जयवंताने दिलं. लहू. मुलुंडच्या एका टॉवरवर बेअरिंग यायची वाट बघताना सुचलं, लिहून टाकलं. त्याची आई सोनूबाई चौऱ्याऐंशीची, वाचता येत नाही. तिला नातीने, रुचिकाने, ते प्रकरण वाचून दाखवलं. म्हातारीने त्याचं लगीन झालं होतं का, एवढंच विचारलं. पुढच्या सर्वपित्रीला गच्चीवर घास ठेवून तिने हाक मारली, "लहू, ये रे बाबा." नाव आपणच रचलंय, हे सांगायची जयवंताची छाती झाली नाही.

मग तुम्ही आलात. ऐतिहासिक पुस्तकं तपासणाऱ्या तुमच्या मंडळाच्या मान्यतेशिवाय छापणार नाही म्हणून प्रकाशक अडून बसला होता. उद्या कोणी दगड मारला तर, ही त्याला भीती; दुकानाची काच त्याला प्यारी. तुम्ही जयवंताला बोलावलंत, खुर्ची दिलीत, लेखणीत दम आहे म्हणालात. आणि मग म्हणालात, "मराठ्याने मराठा मारला, हे आत्ता कशाला उकरता? लढाई राहू द्या, भालाही राहू द्या. मरणारा तेवढा मोगल करा."

मग ती लढाईच राहत नाही, असं जयवंत म्हणाला. तुम्ही पुरावा मागितलात. त्याने आईच्या घासाचं सांगितलं. "आई काय इतिहासकार आहे?" म्हणून तुम्ही हसलात. शिपाईही हसला.

तिथून उठून यायला हवं होतं त्याने. आला नाही. हा दोष त्याचाच, तो तुमच्यावर ढकलत नाही. आईची फुप्फुसं संपत आली होती आणि तिच्या हातात पुस्तक द्यायचं होतं. एका शनिवार-रविवारात त्याने लहू पुसला, त्या जागी हुसेनखान उभा केला, आणि मरताना त्याच्या तोंडी शिवी घातली. शिवीची सूचनाही तुमचीच.

भाद्रपदात पुस्तक आलं. सोनूबाईने ते कपाळाला लावलं, वास घेतला आणि नातीला म्हणाली, लहूचं वाच. रुचिकाला बदल ठाऊक होता, टाइप तिनेच केलेला. पोरगी जुनं आठवून आठवून बोलायला लागली आणि मरणापाशी येऊन अडखळली.

"लिवलंय तेच वाच गं. मनाचं नको."

रुचिकाने वाचलं. खान, शिवी, सगळं. म्हातारीने जयवंताकडे पाहिलं.

"म्हंजे तो परका होता?"

हे नुसतं पुस्तकातलं आहे आये, असं जयवंत सांगत राहिला. ती ऐकेना. छापलेलं खोटं नसतं, हे तिला त्यानेच शाळेत जायला लागल्यापासून शिकवलेलं; उलटंच, लेकाने आईला. शेवटी त्याने सगळं ओकून टाकलं. तुम्ही, खुर्ची, लाल पेन. लहू हे नावही आपणच रचलं, हेसुद्धा.

"नाव तुजं आसंल," सोनूबाई म्हणाली. "मानूस माजा व्हता."

सर्वपित्रीला ती गच्चीवर गेली नाही. सकाळी आठला चहात बुडवून चपाती खाल्ली. साठ वर्षांत पहिल्यांदा. जयवंत समोर उभा होता. घास काढू का म्हणून त्याने विचारलं, तर म्हणाली, "कोनाचा? वैऱ्याला मारलं तर त्याचं कसलं सुतक? मग मी उपाशी का बसली? माजी सासू का बसली? इचार तुज्या सायबाला."

म्हणून तो तीन दिवस तुमच्या दाराबाहेर बाकावर बसून आहे. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं शिपाई सांगतो. जयवंताला मान्यता नको. प्रकाशकाला त्याने कळवलंय की पुस्तक मागे घे, मी ते लिहिलेलं नाही. भटवाडीत चौथ्या मजल्यावर एक बाई धापा टाकत बसली आहे आणि तिला फार दिवस नाहीत. तिच्या घरातल्या बाया तीनशे वर्षं कोणासाठी उपाशी राहिल्या, हे तिला तिच्या तोंडावर येऊन तुम्ही सांगा. लिफ्ट चालू आहे. कधी येताय, बोला.